हुकलेला बदल परत मिळतो का?

डेटाबेस बदलायला निघालेल्या भाच्याला मावशीचे कानमंत्र

अरे, दवाखान्यांच्या नंबरांचं तुमचं ॲप फायरस्टोअरवरून पोस्टग्रेसवर न्यायचं घाटतंय, असं तुझी आई सांगत होती. कारणं पटण्यासारखी आहेत. अहवाल काढताना जॉइनवाचून अडतं, आणि वाचलेल्या प्रत्येक डॉक्युमेंटमागे पैसे मोजावे लागतात. एव्हाना तुम्ही चार-पाच पर्यायांचा तक्ता केला असेल आणि 'रिअल-टाइम'च्या रकान्यात सगळ्यांपुढे बरोबरची खूण असेल. त्या खुणेवर जाऊ नकोस. बदल झाला की कळतं, एवढं सगळेच करून दाखवतात आणि डेमो झकास दिसतो. तू विचारायचा तो प्रश्न वेगळा आहे: आपण ऐकत नसताना झालेला बदल नंतर आपल्याला मिळतो का? माझं पुढचं सगळं सांगणं या एका प्रश्नाभोवती आहे.

१. आधी पडदे मोज

बदल दाखवणारे पडदे किती, ते कागदावर उतरव. प्रतीक्षागृहातला टीव्ही, रिसेप्शनवरची यादी, डॉक्टरांसमोरचे 'पुढचे पाच', रुग्णाच्या मोबाइलवरचं 'तुमच्या आधी किती जण' आणि मालकाचा महिन्याचा अहवाल. प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिही: किती उशीर चालेल, आणि एखादा बदल कधी पोचलाच नाही तर काय होईल. टीव्हीवरचा नंबर दोन सेकंद उशिरा फिरला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण 'आत या' हा निरोप मोबाइलवर पोचलाच नाही, तर रुग्ण खाली चहा पीत बसेल आणि त्याचा नंबर जाईल. उशीर वेगळा, हुकणं वेगळं. एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. अहवालाला तर रिअल-टाइम लागतच नाही.

ठरावीक वेळाने पुन्हा विचारत राहायचं, म्हणजे पोलिंग, यात कमीपणा मानू नकोस. हसुराच्या लाइव्ह क्वेरी आतून हेच करतात. सारख्या क्वेरी एकत्र बांधून, मुळातल्या सेटिंगप्रमाणे दर सेकंदाला, त्या पोस्टग्रेसला पुन्हा विचारतात. मीटिअरलाही मॉन्गोचा ऑपलॉग मिळाला नाही, तर तो दर १० सेकंदांनी विचारून फरक काढायचा. तुमचाच हिशेब कर. समज, ४० दवाखाने आणि प्रत्येकी ३ पडदे, म्हणजे १२० पडदे. प्रत्येकाने दर २ सेकंदांनी विचारलं तर सेकंदाला ६० क्वेरी होतात. इंडेक्स नीट असेल तर पोस्टग्रेसला हे काहीच नाही. पोलिंगचा मोठा गुण असा, की दर वेळी अख्खी यादी विचारली तर त्यात काही हुकत नाही; मधले दहा बदल दिसले नाहीत तरी शेवटची स्थिती बरोबरच येते. म्हणून ज्या पडद्याला दोन-चार सेकंदांचा उशीर चालतो, त्याला पोलिंग लाव आणि डोकं बाकीच्यांसाठी राखून ठेव.

२. हाक आहे की वही, ते विचार

बदल कळवणाऱ्या सगळ्या यंत्रणांच्या दोन जाती आहेत. एक दारावरून हाक मारून पुढे जाते. तुम्ही घरात असाल तर ऐकू येते, नसाल तर गेली. दुसरी वहीत नोंद करून ठेवते. तुम्ही कधीही येऊन 'अमुक ओळीपासून पुढचं वाचून दाखव' म्हणू शकता.

पोस्टग्रेसचं लिसन-नोटिफाय ही हाक. सोपं आहे, कमिट झाल्यावरच निरोप जातो, म्हणून अर्धवट व्यवहाराची बातमी कधी फुटत नाही. पण निरोप ८,००० बाइटांच्या आतला हवा, आणि ऐकणाऱ्याचं कनेक्शन त्या क्षणी तुटलेलं असेल तर तो निरोप त्याच्यापुरता नाहीसा होतो. शिवाय नोटिफाय करणारे व्यवहार कमिटच्या वेळी एका कुलपापाशी एकामागे एक थांबतात, त्यामुळे लिहिणारे फार झाले की तिथे रांग लागते. पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये वापरत असाल तर त्यातून लिसन चालतच नाही. त्यासाठी थेट कनेक्शन वेगळं ठेवावं लागतं. रेडिसचं पब-सबही हाकच. रीथिंकडीबीच्या चेंजफीडचं एवढं कौतुक झालं, पण पोच घेण्याची सोय त्यातही नव्हती. कनेक्शन तुटलं की मधले बदल गेले.

वहीवाले निराळे. पोस्टग्रेसमध्ये २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून लॉजिकल डिकोडिंग आहे. डेटाबेस स्वतःच्या सुरक्षिततेसाठी जो वॉल (राइट-अहेड लॉग) लिहितो, त्यातूनच कमिटच्या क्रमाने बदल वाचता येतात. मायएसक्यूएलचा बिनलॉग त्याच जातीचा. मॉन्गोडीबीत २०१७ च्या ३.६ पासून चेंज स्ट्रीम आहेत. प्रत्येक बदलासोबत एक रिझ्यूम टोकन येतं, ते जपून ठेवलं तर तुटलेल्या जागेपासून पुढे वाचता येतं. रेप्लिका सेट मात्र लागतो. कौचडीबीचा बदलांचा फीड अगदी मुळापासून क्रमांकाधारित आहे.

वही आहे म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न: पानं किती दिवस ठेवतात? मॉन्गोचा ऑपलॉग ठरावीक आकाराचा असतो. जुनी पानं फाडून नवी लिहिली जातात. तुझं टोकन फाटलेल्या पानावरचं निघालं तर स्ट्रीम चालू होत नाही, सगळा डेटा नव्याने वाचावा लागतो. पोस्टग्रेस उलट वागतं. रेप्लिकेशन स्लॉट लावलास की वाचणारा येईपर्यंत ते एकही पान टाकत नाही. वाचणारी सेवा शुक्रवारी संध्याकाळी बंद पडली आणि कुणाचं लक्ष गेलं नाही, तर सोमवारपर्यंत डिस्क भरून अख्खा डेटाबेस थांबू शकतो. यावर मर्यादा घालणारं 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ' हे सेटिंग २०२० च्या १३ व्या आवृत्तीपासून आहे, पण ते मुळात अमर्याद असतं. ते स्वतः लाव, आणि स्लॉट किती मागे पडलाय याचा अलार्म पहिल्या दिवशीच बसव.

आणखी एक. वही डेटाबेसपाशी असते, पण तुझा रुग्ण ब्राउझरपाशी असतो. मधली सेवा ती वही त्याच्यापर्यंत पोचवते का? सुपाबेस रिअलटाइम वॉलमधूनच बदल वाचतं, पण प्रत्येक निरोप ब्राउझरला मिळेलच अशी हमी देत नाही. म्हणजे आत वही, दारात पुन्हा हाक. असं दिसलं की नियम एकच: कनेक्शन परत जुळलं की यादी पहिल्यापासून मागवायची.

३. पहिली यादी आणि पुढचे बदल, यांतली फट बुजव

आधी यादी मागवली आणि मग बदल ऐकायला सुरुवात केली, तर मधल्या पाव सेकंदात आलेला रुग्ण कुठेच दिसत नाही. फायरस्टोअरमध्ये पहिली यादी आणि पुढचे बदल एकाच लिसनरमधून येतात, म्हणून ही फट तुम्हाला कधी दिसली नाही. पोस्टग्रेसवर गेलात की ती तुमची जबाबदारी. क्रम असा ठेव: आधी ऐकायला लाग, आलेले बदल बाजूला साठव, मग यादी मागव, आणि साठवलेल्यांपैकी यादीपेक्षा नवे तेवढेच लाव. त्यासाठी प्रत्येक ओळीवर आवृत्तीचा आकडा हवा. प्रत्येक अपडेटला तो एकने वाढव. कुठला बदल जुना आणि कुठला नवा, हे घड्याळावरून ठरवायला जाऊ नकोस.

घड्याळाचा आणि क्रमांकाचा फसवेपणा नीट समजून घे, कारण अनुभवी माणसंही इथे गाफील राहतात. 'शेवटचा पाहिलेला आयडी १०१, आता त्यापुढचे दे' ही पोलिंगची पद्धत बिनचूक वाटते. पण पोस्टग्रेस क्रमांक देतं तो इन्सर्टच्या वेळी. ओळ इतरांना दिसते ती कमिटनंतर. १०० क्रमांक घेतलेला व्यवहार रेंगाळला आणि १०१ चा आधी कमिट झाला, तर तू १०१ पाहून पुढे जातोस आणि १०० तुला जन्मात दिसत नाही. 'अपडेटेड ॲट'चंही तेच: पोस्टग्रेसमधलं नाऊ हे फंक्शन व्यवहार सुरू झाल्याची वेळ देतं, कमिटची नव्हे. उपाय दोन. थोडं मागे जाऊन पुन्हा वाच आणि दुबार आलेलं गाळ, किंवा यादी लहान असेल तर सरळ सगळी यादीच पुन्हा वाच. एका दवाखान्याची आजची यादी कितीशी मोठी असणार? तुमच्यासाठी दुसराच उपाय बरा.

४. ओळ बदलली, की उत्तर बदललं?

फायरस्टोअरमध्ये तुम्ही क्वेरी ऐकता. डॉक्टरांचे 'पुढचे पाच' मागितले आणि पहिला आत गेला, तर सहावा आपोआप यादीत येतो. वॉलमधून वाचणाऱ्या यंत्रणा मात्र तुम्हाला ओळ बदलल्याचं सांगतात. अमुक ओळ 'झाले' या स्थितीत गेली, एवढंच; आता पाचवा कोण, हे तुम्ही शोधायचं. दोन टेबलांचा जॉइन असेल तर आणखी कटकट: डॉक्टरांच्या खोलीचा क्रमांक बदलला, पण अपॉइंटमेंटची ओळ जशीच्या तशी, मग टीव्हीला कळणार कसं?

ही तपासणी प्रत्येक पर्यायाला लाव: क्रम आणि मर्यादा असलेली क्वेरी, जॉइन आणि मोजदाद. रीथिंकडीबी इंडेक्स असेल तर क्रम-मर्यादेची क्वेरी ऐकू द्यायचं. कॉन्व्हेक्स क्वेरीने काय वाचलं ते लक्षात ठेवतं आणि त्यातलं काही बदललं की क्वेरी पुन्हा चालवतं. मटीरियलाइझ उत्तर साठवून त्यात बदलापुरती दुरुस्ती करत राहतं. पोस्टग्रेसच्या पोटात यातलं काही नाही.

सगळ्यात चकवा देणारी चाचणी सांगते. समज, डॉक्टर जोशींच्या पडद्यावर 'डॉक्टर = जोशी' असा फिल्टर आहे आणि रिसेप्शनने एक रुग्ण जोशींकडून कुलकर्णींकडे हलवला. नवी ओळ जोशींच्या फिल्टरमध्ये बसत नाही, म्हणून त्या पडद्याला निरोपच जात नाही, आणि गेलेला रुग्ण तिथे दिवसभर बसून राहतो. हे टाळायला बदलाआधीची किंमतही कळावी लागते. पोस्टग्रेस मुळात जुन्या ओळीची फक्त किल्ली देतं, तीही डिलीट झाल्यावर किंवा किल्लीच बदलल्यावर. संपूर्ण जुनी ओळ हवी तर त्या टेबलावर रेप्लिका आयडेंटिटी 'फुल' करावी लागते, आणि वॉल फुगतो. मॉन्गोमध्ये बदलाआधीचं डॉक्युमेंट मिळण्याची सोय ६.० पासून आली. ही चाचणी डेमोमध्ये कुणी आपणहून दाखवत नाही. तू मागून घे.

यातून निघायची सरळ वाट अशी: बदलाच्या निरोपात डेटा पाठवूच नकोस. 'अमुक दवाखान्याच्या यादीत काहीतरी हललं' एवढंच सांग, आणि पडद्याने आपली क्वेरी पुन्हा मागवावी. रुग्ण हलवलास तर जुन्या आणि नव्या दोन्ही डॉक्टरांच्या नावे निरोप जाऊ दे. मग ८,००० बाइटांची मर्यादा आड येत नाही, निरोप दुबार आला तरी बिघडत नाही, क्रम उलटसुलट झाला तरी चालतं. आणि जोडीला दर ३० सेकंदांचं पोलिंग ठेव, म्हणजे एखादी हाक हुकलीच तरी पडदा आपोआप सुधारतो.

५. कोणी काय पाहायचं, ते कुठे ठरतं?

दवाखान्याचा डेटा आहे. इथे ढिलाई नको. वॉल वाचणाऱ्या सेवेला सगळ्यांचं सगळं दिसतं. मग शेजारच्या रुग्णाचा आजार माझ्या मोबाइलवर येऊ नये, हे कोण बघतं? सुपाबेसमध्ये पोस्टग्रेसचे ओळनिहाय नियम प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी तपासले जातात. सुरक्षेला उत्तम, पण १०० जण ऐकत असतील तर एका इन्सर्टमागे १०० तपासण्या होतात. आणि डिलीटच्या निरोपांना ते नियम लागू होत नाहीत, कारण तपासायला ओळच उरलेली नसते. नुसती किल्ली जाते म्हणून निर्धास्त राहू नकोस. किल्लीत मोबाइल नंबर घातलेला असेल तर तोच बाहेर गेला. वरचा 'काहीतरी हललं' हा मार्ग इथेही कामाला येतो: निरोपात गुपित नाही, आणि डेटा नेहमीच्या, तपासलेल्या दारातूनच मिळतो.

६. मिळत होतं ते जाताना कळतं

फायरस्टोअर सोडताना दोन गोष्टी नकळत हातच्या जातील. एक म्हणजे स्वतःचं लिहिलेलं लगेच दिसणं. रिसेप्शनवरच्या ताई 'पुढचा' दाबतात आणि सर्व्हरपर्यंत जाऊन यायच्या आधीच त्यांची यादी हलते. फायरस्टोअरचा लिसनर स्थानिक बदल आधी दाखवतो. नव्या रचनेत ते तुम्हाला हाताने लिहावं लागेल, आणि सर्व्हरने नकार दिला तर मागेही घ्यावं लागेल. ते केलं नाही तर डेटाबेस कितीही वेगवान असो, ताई म्हणणार, 'नवीन सॉफ्टवेअर हळू झालंय.' दुसरी, नेट नसताना चालणं. तळघरातल्या एक्स-रे विभागात नेट येतं का, ते आधी जाऊन बघ.

खर्चाचंही तसंच. फायरस्टोअरमध्ये २०० मोबाइल अख्खी यादी ऐकत असतील तर एका बदलाला २०० वाचनं लागतात. दिवसात ५०० बदल झाले की १ लाख, आणि रोजची फुकट मर्यादा ५०,००० ची. त्यात लिसनर अर्ध्या तासाहून जास्त तुटला तर पुन्हा जोडताना सगळी क्वेरी नव्याने वाचल्याचे पैसे लागतात. म्हणून स्थलांतराआधी एक करून बघ: प्रत्येक डॉक्टरमागे 'आता चालू असलेला नंबर' एवढंच एक छोटं डॉक्युमेंट ठेव आणि मोबाइलना अख्ख्या यादीऐवजी तेवढंच ऐकू दे. यादीतले बाकीचे बदल मग मोबाइलपर्यंत जाणारच नाहीत. कदाचित बिल एवढं उतरेल की स्थलांतराची घाईच राहणार नाही.

७. आपटून बघ

निर्णयाआधी दोन पर्याय निवड आणि तुमच्याच डेटावर त्यांना त्रास दे. वायफाय १० सेकंद काढ, मग १० मिनिटं, मग तासभर. प्रत्येक वेळी पडदा मूळ टेबलाशी जुळतो का ते स्क्रिप्टने ताडून बघ, डोळ्यांनी नाही. लॅपटॉप मिटवून उघड. एका व्यवहारात १०,००० ओळी बदल. टेबलात कॉलम वाढव. पोस्टग्रेसचं लॉजिकल रेप्लिकेशन रचनेतले बदल स्वतःहून नेत नाही. मधला सर्व्हर बंद करून चालू कर आणि १,००० पडदे एकदम परत जोडायला धावले की काय होतं ते बघ. सगळे एकाच सेकंदाला आले तर सर्व्हर उठता उठता पुन्हा झोपतो. प्रत्येक पडद्याने थोडा वेगवेगळा वेळ थांबून जोडावं, हे क्लायंटमध्येच लिहून ठेव.

८. परतीची वाट ठेवूनच निघ

चांगल्या गोष्टीही बंद पडतात. पार्स ही ॲपसाठीची बॅकएंड सेवा फेसबुकने २०१३ मध्ये घेतली, जानेवारी २०१६ मध्ये बंद करण्याची घोषणा केली आणि वर्षभराने सेवा थांबली. रीथिंकडीबीची कंपनी ऑक्टोबर २०१६ मध्ये मिटली. तिच्या कोडचे हक्क क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनने विकत घेऊन २०१७ मध्ये तो कोड लिनक्स फाउंडेशनकडे दिला. दोन्हींचा कोड आज खुला आहे, पण तेव्हा त्यांवर उभ्या असलेल्या टीमना घाईघाईत घर बदलावं लागलंच. म्हणून पडद्यांच्या कोडमध्ये कोणत्याही कंपनीची लायब्ररी थेट बोलावू नकोस. 'या दवाखान्याची यादी ऐक' असं तुमचं स्वतःचं एक पातळ फंक्शन ठेव. आत काय आहे ते त्यालाच माहीत. हे काम आत्ताच, फायरस्टोअरवर असतानाच कर.

आणि मोबाइल ॲप विसरू नकोस. वेबचा पडदा एका रात्रीत बदलतो, पण रुग्णांच्या फोनवरची जुनी आवृत्ती महिनोन्‌महिने फायरस्टोअरलाच ऐकत राहणार. तोवर नव्या डेटाबेसमधले बदल जुन्याकडे पोचवणारी सेवा चालवावी लागेल. लिहिणारी जागा मात्र एकच ठेव. दोन्हीकडे लिहायला परवानगी दिलीस तर खरं कुठलं, यावर भांडत बसाल.

आता बैठकीला जाशील तेव्हा त्या जुन्या तक्त्यातला 'रिअल-टाइम' हा रकाना खोड आणि त्या जागी सहा रकाने आख: हुकलेला बदल परत मिळतो का, किती काळापर्यंत, पहिल्या यादीतली फट कोण बुजवतं, फिल्टरबाहेर गेलेली ओळ कळते का, परवानगी कुठे तपासली जाते, आणि ऐकणारा बंद पडला तर भार कुणावर येतो. प्रत्येक पर्यायापुढे उत्तर लिही, आणि ते स्वतः करून पाहिलेलं की नुसतं वाचलेलं, तेही लिही. ज्या पर्यायाच्या पहिल्या रकान्यात 'बहुतेक मिळतो' असं लिहावं लागेल, त्याच्या कागदावर सही करू नकोस.